राज्यशास्त्राच्या पदवीची आखणी: कोणता विषय कधी घ्यावा

राज्यशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतलेला विद्यार्थी पहिल्या काही दिवसांत बहुधा एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे कोणते विषय घ्यावेत. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. कोणता विषय कशाच्या आधी शिकला पाहिजे, हा दुसरा प्रश्न त्याच वेळी विचारला नाही तर पदवीच्या शेवटच्या वर्षी त्याची किंमत मोजावी लागते. गणितात या प्रश्नाचे उत्तर विषयच देतो, कारण तिथे आधीची पायरी वगळून पुढची चढताच येत नाही. राज्यशास्त्रात परराष्ट्र धोरणावरचे पुस्तक पहिल्या सत्रातही वाचता येते आणि निवडणुकांवरचा निबंध कोणत्याही वर्षी लिहिता येतो. त्यामुळे क्रम कसाही ठेवला तरी चालेल असे वाटत राहते. मग स्वतंत्र संशोधन करण्याची वेळ येते तेव्हा लक्षात येते की आपल्याला तक्ता वाचता येत नाही, मूळ ग्रंथाची चार पाने सलग वाचण्याची सवय नाही आणि दहा पानी युक्तिवाद आपण आजवर एकदाही मांडलेला नाही. या तिन्ही गोष्टी सावकाश अंगवळणी पडणाऱ्या आहेत, म्हणून त्यांची सुरुवात सर्वांत आधी करायची, हे या लेखातील आखणीचे सूत्र आहे.

पहिली पायरी: विषयाचा आवाका समजून घेणे

राज्यशास्त्राच्या शाखा सगळीकडे जवळपास सारख्याच असतात: राजकीय सिद्धान्त, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन व सार्वजनिक धोरण, आपल्या देशाची शासनव्यवस्था आणि संशोधन पद्धती. यांतील काही शाखा फार जुन्या आहेत. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यांच्या राज्यव्यवस्थांची वर्णने जमवली होती असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन तेवढे जवळपास पूर्ण स्वरूपात इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवर हाती लागले आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी अनेक राज्यांची माहिती जमवायची, मग ती शेजारी शेजारी ठेवून कारणे शोधायची, ही तुलनात्मक राजकारणाची रीत म्हणजे तेव्हापासूनची आहे. आंतरराष्ट्रीय संबंध ही त्या मानाने तरुण शाखा होय. तिचे पहिले स्वतंत्र अध्यासन पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे स्थापन झाले.

हा आवाका माहीत असण्याचा व्यवहारातील उपयोग असा की विभागाची खरी ओळख त्याच्या प्राध्यापकांवरून करून घेता येते. कागदावर सर्व शाखा शिकवणारा विभाग प्रत्यक्षात दोन शाखांतच बळकट असू शकतो. प्रवेशाआधी विभागातील प्राध्यापकांच्या गेल्या काही वर्षांतील लेखनाची शीर्षके वाचावीत. सहापैकी चार जण निवडणुका आणि पक्षांवर लिहीत असतील आणि तुमची ओढ राजकीय विचारांकडे असेल, तर शेवटच्या वर्षी मार्गदर्शक मिळताना अडचण येणार हे आजच समजून येईल.

दुसरी पायरी: नियमपुस्तिका हातात घेऊन कागद मांडणे

पदवीचे मोजमाप आता बहुतेक ठिकाणी श्रेयांकांत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या क्रेडिटमध्ये होते. युरोपातील तीन वर्षांची पदवी साधारणपणे १८० श्रेयांकांची असते, दर वर्षी ६०, आणि एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचे एकूण काम असे धरले जाते. अमेरिकेत चार वर्षांना साधारण १२० श्रेयांक असतात आणि मुख्य विषयाचा वाटा त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० श्रेयांक लागतात. या आकड्यांची आपसांत तुलना करता येत नाही, कारण प्रत्येक व्यवस्थेत एका श्रेयांकाचे वजन वेगळे असते.

युरोपीय हिशेब मात्र कोणत्याही विद्यार्थ्याने एकदा करून पाहण्यासारखा आहे. वर्षाला ६० श्रेयांक म्हणजे १५०० ते १८०० तास; ते ४० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेसदतीस ते पंचेचाळीस तास होतात. राज्यशास्त्रात यांपैकी वर्गातले तास थोडे असतात आणि उरलेला सगळा वेळ वाचन आणि लेखनासाठी असतो. वेळापत्रक मोकळे दिसते म्हणून त्या वेळेत दुसरेच काही भरून टाकणे ही पहिल्या वर्षात वारंवार होणारी चूक आहे.

आता एका मोठ्या कागदावर सर्व सत्रे ओळीने लिहावीत आणि नियमपुस्तिकेतून चार प्रकारच्या नोंदी कराव्यात: सक्तीचे विषय, ज्यांच्यासाठी आधीचा एखादा विषय पूर्ण असावा लागतो असे विषय, वर्षातून एकदाच किंवा एक वर्षाआड शिकवले जाणारे विषय, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठीच्या अटी. चौथी नोंद सर्वांत महत्त्वाची असते. अनेक ठिकाणी प्रकल्पासाठी विशिष्ट सरासरी गुण किंवा संशोधन पद्धतीचा विषय आधी पूर्ण असणे आवश्यक असते. भारतातील वर सांगितलेल्या आराखड्यात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावे लागतात. ही अट तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळून उपयोगाची नाही. नियम बदलले की अनेकदा जुन्या विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रवेशाच्या वर्षाचेच नियम लागू राहतात, म्हणून त्या वर्षाची नियमपुस्तिका जपून ठेवावी आणि शंका असेल तिथे विभागाकडून उत्तर लेखी घ्यावे.

तिसरी पायरी: संख्याशास्त्र पहिल्या वर्षीच

गणिताची भीती वाटते म्हणून राज्यशास्त्राकडे आलेल्या विद्यार्थ्यांना हा सल्ला जड वाटतो, आणि त्यांची भीती मी हलक्याने घेत नाही. पण ज्या गणिताची खरोखर गरज आहे ते किती आहे, हे एका उदाहरणाने पाहू.

एका देशात तीन पक्षांना अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के मते मिळाली असे समजा. त्या देशात खऱ्या अर्थाने किती पक्ष आहेत? तीन म्हणावे तर तिन्हींचे बळ सारखे नाही. लाक्सो आणि तागेपेरा या दोन अभ्यासकांनी १९७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र मांडले: प्रत्येक पक्षाच्या वाट्याचा वर्ग करायचा, ते वर्ग मिळवायचे आणि एकला त्या बेरजेने भागायचे. इथे ०.२५, ०.०९ आणि ०.०४ यांची बेरीज ०.३८ येते आणि भागाकार सुमारे २.६३. आता त्याच निवडणुकीत जागांचा वाटा ७०, २५ आणि ५ टक्के असा झाला असे धरा. वर्गांची बेरीज ०.५५५ आणि उत्तर सुमारे १.८०. मतदारांनी अडीचहून अधिक पक्षांची व्यवस्था मागितली होती आणि निवडणूक पद्धतीने त्यांना दोनहूनही कमी पक्षांची विधानसभा दिली, हे एवढ्या हिशेबातून उघड दिसते.

हेच खऱ्या निकालांवर करून पाहावे. ब्रिटनच्या २०१५ च्या निवडणुकीत यूके इंडिपेंडन्स पार्टीला १२.६ टक्के मते आणि एक जागा मिळाली, तर स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४.७ टक्के मतांवर ५६ जागा मिळाल्या, कारण पहिल्या पक्षाची मते देशभर विखुरलेली होती आणि दुसऱ्याची एकाच प्रदेशात एकवटलेली होती. भारतात २०१४ मध्ये बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांहून अधिक मते मिळूनही लोकसभेत एकही जागा मिळाली नाही. असे निकाल स्वतः तक्त्यात भरून, स्वतः वर्ग करून, स्वतः भागाकार केलेला विद्यार्थी निवडणूक पद्धतींवरचा लेख पुढे कधीही वरवर वाचत नाही.

पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचा एक प्राथमिक विषय घ्यावा. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप), नमुना निवड आणि सहसंबंध (दोन गोष्टी सोबत किती बदलतात याचे माप) एवढे पक्के झाले तरी पुरे. दुसऱ्या वर्षी संशोधन पद्धतीच्या विषयाबरोबर आर ही संगणक प्रणाली शिकावी. ती विनामूल्य मिळते आणि या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. आधी शिकण्याचे कारण असे की एकदा तक्ता वाचता येऊ लागला की उरलेल्या प्रत्येक विषयातले वाचन बदलते, आणि तो फायदा जितकी सत्रे मिळेल तितका चांगला. परकीय भाषेचेही तसेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या सहा अधिकृत भाषांपैकी एखादी, किंवा ज्या प्रदेशाचा अभ्यास करायचा तिथली भाषा, पहिल्या सत्रापासून थोडी थोडी शिकली तरच शेवटच्या वर्षी मूळ वृत्तपत्रे वाचण्याइतकी येते.

चौथी पायरी: मूळ ग्रंथांची सवय

राजकीय सिद्धान्त हा विषय विद्यार्थी अनेकदा पुढे ढकलतात, कारण तो अवघड आणि व्यवहारापासून दूर वाटतो. माझे मत याच्या उलट आहे: संख्याशास्त्राबरोबर पहिल्याच वर्षी घ्यावा असा हाच विषय, कारण संथ आणि नेमके वाचन इथेच शिकायला मिळते. सारांशाची पुस्तके मदतीला असावीत, पण मूळ पाने वाचल्याशिवाय ती उघडू नयेत.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथातील तेरावे प्रकरण सुरुवातीला घ्यावे. ते अवघ्या काही पानांचे आहे. पहिल्या वाचनात फक्त एवढेच लिहून काढावे की माणसामाणसांत कलह का होतो याची हॉब्ज कोणती कारणे देतो. ती तीन आहेत: स्पर्धा, परस्परांविषयी अविश्वास आणि मानमरातबाची हाव. दुसऱ्या वाचनात युक्तिवादाचा सांधा शोधावा: माणसे साधारण सारख्या ताकदीची आहेत हे गृहीत त्याला का लागते, आणि ते काढून टाकले तर काय कोसळते? तिसऱ्या वाचनाआधी काळ पाहावा. ग्रंथ १६५१ मध्ये प्रसिद्ध झाला; इंग्लंडमध्ये यादवी युद्ध १६४२ पासून चालू होते आणि १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला होता. हे कळल्यावर हॉब्जची सुव्यवस्थेची तळमळ समजते, मात्र तेवढ्याने त्याचा युक्तिवाद खरा किंवा खोटा ठरत नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे हे या विषयातले पहिले कौशल्य आहे. त्याच प्रकरणात हॉब्ज राजे एकमेकांवर शस्त्रे रोखून उभ्या असलेल्या योद्ध्यांसारखे असतात असे सांगतो. आंतरराष्ट्रीय राजकारणातील वास्तववाद, म्हणजे राज्ये मुख्यतः आपले बळ आणि सुरक्षा पाहूनच वागतात हा विचार, पुढे शिकताना हा परिच्छेद वाचलेल्या विद्यार्थ्याला ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटते.

याच रीतीने दोन सत्रांत सहा-सात लेखक वाचून होतात. पाश्चात्त्य परंपरेबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषणही वाचावे. राजकीय समता असलेल्या देशात सामाजिक आणि आर्थिक विषमता टिकून राहिली तर लोकशाहीचे काय होते, हा प्रश्न तिथे ज्या स्पष्टपणे मांडला आहे तसा फार थोड्या ठिकाणी सापडतो.

पाचवी पायरी: मधली वर्षे

तुलनात्मक राजकारणाचा मुख्य विषय दुसऱ्या वर्षी घ्यावा, पद्धतीच्या विषयाच्या सोबत, कारण तुलना कशी करायची हा मुळात पद्धतीचाच प्रश्न आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये कारणे शोधण्याच्या ज्या रीती मांडल्या त्यांतील भेदाची रीत सांगते की दोन उदाहरणे एका गोष्टीखेरीज सर्व बाबतींत सारखी असतील आणि परिणाम वेगळा निघाला, तर त्या एका गोष्टीकडे कारण म्हणून पाहावे. दोन देश असे सारखे क्वचितच सापडतात. एकाच देशाचा आधीचा आणि नंतरचा काळ त्याहून जवळ असतो. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ या दोन्ही निवडणुकांत अधिक मते मिळवणारा लेबर पक्ष कमी जागांमुळे विरोधात बसला. त्यातून असंतोष वाढला, १९९३ च्या सार्वमताने मिश्र प्रमाणशीर पद्धत, म्हणजे पक्षांना एकूण जागा मतांच्या प्रमाणात मिळतील अशी पद्धत, स्वीकारली आणि १९९६ पासून ती अमलात आली. त्यानंतर थेट २०२० पर्यंत कोणत्याही एका पक्षाला निवडणुकीत निर्विवाद बहुमत मिळाले नाही. हे उदाहरण वर्गात हमखास येते. विद्यार्थ्याने पुढचे पाऊल टाकून विचारावे की याच काळात देशात आणखी काय बदलले होते आणि त्याचा परिणाम पद्धतीच्या परिणामापासून वेगळा कसा काढायचा.

आंतरराष्ट्रीय संबंधांचा विषय त्यानंतर घेतलेला बरा. पाठ्यपुस्तकाआधी संयुक्त राष्ट्रांची सनद वाचावी. ती १११ कलमांची आहे आणि एका दुपारी वाचून होते. दुसऱ्या कलमातील बळाच्या वापरावरील बंदी आणि एकावन्नाव्या कलमातील स्वसंरक्षणाचा हक्क शेजारी शेजारी लिहावेत, आणि मग कोणत्याही चालू युद्धातील दोन्ही बाजूंची निवेदने त्यांच्यावर ताडून पाहावीत.

दुय्यम विषय कोणता घ्यावा हे पुढे काय करायचे त्यावरून ठरते. धोरण आणि विकासाच्या क्षेत्रात जायचे असेल तर अर्थशास्त्र, कायद्याकडे जायचे असेल तर इतिहास किंवा तत्त्वज्ञान, पत्रकारितेसाठी इतिहास किंवा समाजशास्त्र, आणि संशोधनाकडे ओढा असेल तर संख्याशास्त्रच. काहीच ठरले नसेल तर मी अर्थशास्त्र सुचवेन, कारण सरकारच्या निम्म्या निर्णयांची भाषा तिथून येते. प्रशासकीय सेवेच्या परीक्षांसाठी म्हणून पदवीची सगळी आखणी करणे मात्र मला पटत नाही; चांगल्या पदवीचा परीक्षेला उपयोग होतो, पण परीक्षेच्या टिपणांतून चांगली पदवी तयार होत नाही.

सुट्टीतील कामाबद्दल थोडक्यात सांगायचे तर एका सुट्टीत एखाद्या स्थानिक स्वराज्य संस्थेत, लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात किंवा सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेत प्रत्यक्ष काम करावे. प्रश्नावली घेऊन वीस घरी जाऊन आलेल्याला लोक उत्तरे देताना काय दडवतात ते कळते, आणि सर्वेक्षणाचे आकडे तो पुढे अधिक जबाबदारीने वापरतो.

सहावी पायरी: शेवटच्या वर्षाचा प्रकल्प

प्रकल्पाची तयारी आदल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात सुरू करावी. विषय निवडताना विद्यार्थी बहुधा ‘राजकारणातील स्त्रियांचा सहभाग’ असा काहीतरी लिहून आणतात. हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. प्रश्न होण्यासाठी त्यात काय बदलते आणि कशामुळे बदलते हे दोन्ही असावे लागते. आरक्षित जागेवरून निवडून आलेली स्त्री सरपंच असलेल्या गावात खर्चाचा क्रम बदलतो का, हा प्रश्न आहे. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधील ग्रामपंचायतींचा याच अंगाने अभ्यास केला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपद कोणत्या गावात स्त्रियांसाठी राखीव हे गावाच्या गुणावगुणांवर अवलंबून न राहता फिरते राहिले, म्हणून राखीव आणि अराखीव गावांतील फरक आरक्षणाचाच परिणाम मानता आला, आणि स्त्रिया ज्या गोष्टींची मागणी अधिक करत होत्या त्यांवर राखीव गावांत अधिक खर्च होतो असे दिसले. पदवीच्या विद्यार्थ्याने एवढा मोठा अभ्यास करावा अशी अपेक्षा नसते. पण असा एक लेख पद्धतीच्या अंगाने, वाक्य न् वाक्य, समजून घेतला तर आपल्या प्रश्नात कोणती तुलना प्रामाणिकपणे करता येईल हे कळते.

प्रश्नाची सामग्री हाताशी आहे का, हे मार्गदर्शकाकडे जाण्याआधी तपासावे. संसदांतील स्त्रियांच्या प्रमाणाची माहिती आंतरसंसदीय संघाकडे, मूल्ये आणि वृत्तींविषयीची सर्वेक्षणे १९८१ पासून चालू असलेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणाकडे, लोकशाहीचे निरनिराळे निर्देशांक गोथेनबर्ग येथील व्ही-डेम संस्थेकडे आणि भारतातील मतदारांची सर्वेक्षणे लोकनीती या कार्यक्रमाकडे असतात. निर्देशांक वापरताना तो कसा काढला याची माहितीपुस्तिका आधी वाचावी. लोकशाहीची व्याख्या बदलली की त्याच देशाचा क्रमांकही बदलतो.

वेळेची विभागणी करताना लेखनाला बहुतेक जण फार थोडा वाटा देतात. दोन सत्रे हाताशी असतील तर पहिल्या सत्राच्या अखेरीस एक प्रकरण पूर्ण लिहून मार्गदर्शकाला दिलेले असावे, मग ते कितीही कच्चे असो. पहिला मसुदा आणि अंतिम प्रत यांत किमान सहा आठवडे असावेत. संदर्भांची नोंद वाचतानाच, पानाच्या क्रमांकासह, करावी. शेवटच्या आठवड्यात हरवलेले पान शोधण्यात जाणारा वेळ नंतर भरून काढता येत नाही.

पुढील शिक्षणासाठी शिफारसपत्र लागणार असेल तर ते ज्या प्राध्यापकांनी तुमचे लेखन वाचले आहे त्यांच्याकडेच मागावे, आणि मुदतीच्या किमान महिनाभर आधी. विनंतीसोबत त्यांच्या विषयात लिहिलेला एक निबंध, गुणपत्रक, अर्जाचे निवेदन आणि प्रत्येक संस्थेची शेवटची तारीख एकाच कागदावर लिहून द्यावी. ज्यांच्या वर्गात तुम्ही दोन वर्षे बसलात पण ज्यांच्याशी एकदाही बोलला नाहीत त्यांना तुमच्याविषयी चार ओळींपलीकडे लिहिता येणार नाही, म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच तपासून आलेला प्रत्येक निबंध घेऊन शेरा देणाऱ्या प्राध्यापकांना भेटावे आणि पुढच्या निबंधात काय वेगळे करावे ते विचारावे.